बाही नाही म्हणून रांगेतून परत?

आज सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत एका पोरीला थांबवलं. विशी-बाविशीची असेल. पिस्ता रंगाचा सुती कुडता, पोटरीपर्यंत लांब, गळा बंद. कुडत्याला बाही नव्हती, एवढाच गुन्हा. रांग लावणाऱ्या काकांनी चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाय, असं नाय चालत, मागे जा." ती गेली, आणि शेवटच्या आशीर्वादापर्यंत तिने मान वर केली नाही. तिच्या मागे दोन माणसं सोडून एक गडी बर्म्युडात उभा होता, गुडघ्याच्या चार बोटं वर. तो आरामात प्रसाद घेऊन आला.

चर्चला नीट कपड्यात यावं, याबद्दल आपल्यात वाद नाहीच. पण नीट म्हणजे काय, ते तरी समजून घ्या. तासाभराच्या मिस्सात आपण कितीदा उठतो, बसतो, गुडघे टेकतो. कपडा घरीच एकदा गुडघे टेकून तपासावा. उभं असताना गुडघ्याला लागणारा फ्रॉक बाकावर बसलं की तीन-चार बोटं वर चढतो, म्हणून शिंप्याकडे देतानाच गुडघ्याखाली वीतभर लांबी सांगावी. साडी म्हणजे आपोआप शालीन, हाही भ्रमच. पाठीला फक्त नाडी असलेला ब्लाउज घालून पुढच्या बाकावर डोकं टेकलं की मागच्या बाकावरच्याने बघायचं कुठे? पदराला खांद्यावर एक पिन, पाठ झाकेल असा ब्लाउज, झालं. आणि पुरुषांनो, आखूड टीशर्ट आणि कंबरेवरून घसरलेली जीन्स घालून तुम्ही गुडघे टेकता तेव्हा मागे काय दर्शन घडतं, ते कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

वाचन करणाऱ्या बायकांनी काचेच्या बांगड्या घरी ठेवाव्यात. पान उलटताना त्यांचा खळखळाट माईक सगळ्या चर्चभर पोहोचवतो. बाप्तिस्म्याला बाळासाठी झगा घेताना बटणं पुढे बघून घ्या. छातीला तेल लावायची वेळ येते तेव्हा पाठीमागची बारीक हुकं काढता काढता आईला घाम फुटतो, बाळ रडून रडून लाल होतं, फादर बोट तेलात बुडवून उभे. दुसरं तेल टाळूला लागतं, तेव्हा लेसची टोपीही सहज निघणारी हवी. नवरीच्या उघड्या खांद्यांच्या गाऊनवर त्याच नेटचं छोटं जॅकेट आधीच शिवून घ्यावं. वेदीसमोर ऐनवेळी शाल पांघरली की फोटोही बिघडतात आणि तोंडंही.

आता नियमांचंच बोलायचं तर 1917 च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या संहितेत, बायकांनी डोकं झाकावं, पुरुषांनी बोडकं असावं, असं लिहिलं होतं. 1983 च्या नव्या संहितेत ते कलमच नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ 1387 क्रमांकाच्या परिच्छेदात एवढंच म्हणतो की प्रसाद घेताना वागण्यातून, पेहरावातून आदर, गांभीर्य आणि आनंद दिसावा. आनंद! त्या पोरीचा चेहरा आठवा. बाह्यांची मापं त्यात नाहीत. रोमला सेंट पीटर्समध्ये खांदे आणि गुडघे झाकायला लावतात, हो, पण तिथे पुरुषाच्या हाफपँटलाही दारातच अडवतात. आपल्याकडे नजर फक्त पोरींच्या खांद्यावर.

बरं, मान्य. काही पोरी पार्टीचे कपडे घालून येतात आणि कोणीतरी बोलायला हवंच. पण मग दारात बोला, मिस्सा सुरू व्हायच्या आधी, हळू आवाजात, आणि शक्यतो एखाद्या बाईने. दाराशी एका पेटीत सात-आठ सुती ओढण्या ठेवा, दर आठवड्याला धुवा. नायलॉनच्या नकोत, खांद्यावरून घसरतात. दोन लुंग्याही ठेवा, बर्म्युडावाल्यांसाठी. हसू नका, खरंच ठेवा. हातापायावर सिमेंट घेऊन कामावरून थेट आलेल्या माणसाला मात्र काही देऊ नका, काही बोलूही नका. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठीवाला आणि मळक्या कपड्यांचा गरीब यांच्याबद्दलच आहे, आणि तो आपण दरवेळी मान डोलावत ऐकतो.

काकांवर राग धरून तरी काय करू. दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बाकं तेच पुसतात. त्यांना कोणीतरी "लक्ष ठेवा" एवढंच सांगितलं असणार, कसं ठेवायचं ते नाही.

मिस्सानंतर ती पोरगी पार्किंगमध्ये दिसली. स्कूटीची डिकी उघडून तिने आतून उन्हाचा स्कार्फ काढला, तोंडाला गुंडाळला आणि गेली. चांगला दोन हात लांब, सुती स्कार्फ. तिथेच होता सगळा वेळ.