तत्त्वांची इशारा पातळी

तत्त्वनिष्ठ माणूस म्हणून कोल्हापुरात नाव कमवायचे असेल, तर सर्वप्रथम परवडतील अशीच तत्त्वे निवडावीत. पांढऱ्या रश्श्याला हळदीचा पिवळेपणा दिसला तर भरल्या ताटावरून उठावे. मिसळीबरोबर ब्रेडऐवजी पाव आला तर मालकाला टेबलापाशी बोलावून चारचौघांत सुनवावे. या बाबतींत तिळभरही तडजोड करू नये. एकूण खर्च फार तर दीडशे रुपये येतो आणि ‘माणूस तत्त्वाचा पक्का’ ही कीर्ती पेठभर होते.

महाग तत्त्वांसाठी मात्र पंचगंगेकडून धडा घ्यावा. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर आले की इशारा पातळी आणि 43 फुटांवर धोका पातळी, हे इथले शाळकरी पोरही सांगते. आपल्या प्रामाणिकपणालाही अशाच दोन खुणा करून घ्याव्यात. नुकसान इशारा पातळीपर्यंत असेल तोवर सत्याचा जाहीर आग्रह धरावा, तिथून पुढे हळूहळू बोचके बांधायला घ्यावे, आणि धोका पातळी गाठताच कुटुंबासह सुरक्षित मतावर स्थलांतर करावे. पूर ओसरल्यावर परत यायचे असतेच. तेव्हा भिंतीवरच्या ओलीविषयी कोणी विचारले, तर हवामानावर बोलावे.

याहून प्रगत व्यवस्था राधानगरी धरणावर आहे. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडतात. कोणी बटण दाबत नाही, त्यामुळे कोणाकडे बोटही दाखवता येत नाही. सद्सद्विवेकबुद्धीला असे दरवाजे एकदा बसवून घेतले, की ‘मी निर्णय घेतला’ असे म्हणण्याची वेळच येत नाही, ‘दबाव फार होता’ एवढे पुरते. (प्रस्तुत लेखकाचा पहिला दरवाजा अपार्टमेंटमधील पार्किंगच्या एका जागेसाठी उघडला होता. दाब खरोखरच फार होता.)

उदाहरणार्थ, नदीकाठी स्वस्तात मिळणारी जागा घ्यावी. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामाला मनाई असते. पण रेषा नकाशावर असते आणि भराव जमिनीवर, हे भान ठेवावे. भरावाने अडलेले पाणी कुठे जाईल, याची चिंता करू नये, शेजारी असतातच. 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेले, तेव्हा आपण पूरग्रस्तांसाठी चादरी गोळा केल्या होत्या, याची आठवण अधूनमधून स्वतःला करून द्यावी. ती जमा बाजू आहे.

आता मुख्य विषय, राजर्षी शाहू महाराज. 26 जूनला दसरा चौकातील पुतळ्याला हार घालायला न चुकता जावे आणि कुठेतरी भाषणही करावे. 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने महाराजांनी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखून ठेवल्या, हे तारखेसकट सांगावे. सार्वजनिक पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि तिथे स्वतः जाऊन, सर्वांच्या देखत चहा घेतला, हा प्रसंग सांगताना आवाज किंचित कापरा ठेवावा. मात्र ‘ते राजे होते, त्यांना जमले, आपण पडलो नोकरदार’ हे वाक्यही खिशात असू द्यावे. वेदोक्त प्रकरणात याच राजाचे धार्मिक विधी वेदमंत्रांनी करायला घरच्या राजोपाध्यायांनी नकार दिला, महाराजांनी त्यांचे वतन काढून घेतले आणि वर्षानुवर्षे टीका सोसली, हा भाग वेळेअभावी गाळावा; नाहीतर राजे असल्यामुळे जमते या सिद्धांताला ओल येते.

खरी परीक्षा लग्नात असते. महाराजांनी आंतरजातीय विवाहाला कायद्याने वाट करून दिली, हे भाषणात एकदा सांगून झाले की मुलीच्या बायोडाटात ‘अपेक्षा : स्वजातीय, निर्व्यसनी, कोल्हापूर–पुणे’ असे छापायला मोकळे व्हावे. ‘आमचे काही नाही हो, पण भावकीला चालत नाही’ हे वाक्य तयार ठेवावे. गंमत म्हणजे भावकीतल्या प्रत्येक घरात हेच वाक्य तयार असते, त्यामुळे ज्याला चालत नाही तो माणूस आजवर कोणालाच भेटलेला नाही.

एखाद्या संध्याकाळी मुलगी वेगळ्याच आडनावाच्या मुलाविषयी बोलू लागेल. तिच्यावर ओरडू नये. 39 फूट झाले, एवढे मनाशी समजावे आणि रक्तदाबाची गोळी कुठे ठेवली आहे, हे तिच्यासमोर तिच्या आईला विचारावे. तिने मोबाइल पुढे करून आपल्याच दसरा चौकातल्या भाषणाचा व्हिडिओ लावला, तर तो शेवटपर्यंत पाहावा आणि आवाज बरा आला आहे का, एवढेच विचारावे.