घरून निघताना पाहिलेला नोटॅम (पायलटांसाठीची अधिकृत सूचना) पुरत नाही

२०२५ च्या जुलैत न्यू जर्सीतल्या बेडमिन्स्टरवर, म्हणजे ट्रम्प यांचा गोल्फ क्लब आहे तिथे, बंदी असलेल्या हवाई हद्दीत शिरलेलं एक छोटं विमान एफ-१६ या लढाऊ विमानाने अडवलं. त्याबद्दल एका लेखात म्हटलंय, 'पायलट बिचाऱ्याला कसं कळणार?' हे मला अजिबात पटलं नाही. मी त्याच भागात सेसना १७२ हे छोटं विमान उडवतो. राष्ट्राध्यक्ष येणार म्हटलं की साधारण ३० नॉटिकल मैल त्रिज्येचं बंदीचं वर्तुळ आखतात. आतल्या १० मैलांत आपल्यासारख्या खासगी पायलटांना प्रवेशच नाही. बाहेरच्या कड्यात फ्लाइट प्लॅन, एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) दिलेला वेगळा स्क्वॉक कोड (रडारवर विमान ओळखू येण्यासाठीचा आकडा) आणि सतत रेडिओसंपर्क हवाच. शिकाऊ उड्डाणं बंद. हे सगळं नोटॅममध्ये असतं, आणि अमेरिकी विमान नियम ९१.१०३ प्रमाणे निघण्याआधी ते बघणं पायलटचंच काम आहे.

खरी मेख वेळेत आहे. नोटॅममधली वेळ स्थानिक नसून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, शिवाय दौरा बदलला की तीही सरकते. एकदा घरून सगळं तपासून निघालो होतो. इंधन भरून झाल्यावर, हात पुसता पुसता पायलटांना हवामान-नोटॅम सांगणाऱ्या ब्रीफिंग सेवेला फोन लावला, तर बंदी दोन तास अलीकडे आलेली! विमान परत दोरांनी बांधलं आणि घरी आलो. तेव्हापासून इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा विचारतो, आणि दुसऱ्या रेडिओवर १२१.५ ही आणीबाणीची फ्रिक्वेन्सी कायम लावलेली असते.