राखणीचा हिशोब

कोकणात जागेला न दिसणारा राखणदार असतो आणि त्याला वर्षातून एकदा कोंबड्याची राखण द्यावी लागते, हे लग्न होऊन कुडाळला आल्यावर मला कळलं. मी घाटावरची. आमच्याकडे राखणीला कुत्रा असतो आणि तो भाकरीवर भागवतो. या दोन्ही पद्धती एकाच खळ्यात आणायचा उद्योग माझ्या मुलाने केला. बाजारातून येताना त्याने खोक्यातून एक पिल्लू आणलं, त्याचं नाव शेरू ठेवलं, आणि सात महिन्यांचा झाल्यावर शेरूने आपली राखण आपल्याच हाताने, म्हणजे तोंडाने, घेतली. कोंबडा नव्हे, तलंग. सासूबाईंची. चार दिवसांत अंड्यावर येणार होती बिचारी.

मी मागीलदारी भांडी घासत होते. शेरू शेपूट हलवत आला, तलंग माझ्या पायाशी ठेवली आणि बसला. नाकावर एक तांबूस पीस चिकटलेलं, ते श्वासागणिक हलत होतं. चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नाही. पहिला नंबर आलेलं पोर प्रगतिपुस्तक दाखवतं तसा भाव.

"अगो, माझी तलंग खंय गेली?" आतून आवाज आला.

त्या रात्री घरात दोन पक्ष पडले. एवढी कोवळी तलंग वाया घालवायची नाही, यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत झालं. वडे तळले गेले, सागोती शिजली. शेरू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होता. त्याला हाड दिलं नाही, कारण शिजलेल्या कोंबडीच्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि ते कुत्र्याच्या घशात-आतड्यात रुततात. वास मात्र पोटभर दिला. म्हणजे शेरूच्या बाजूने पाहिलं तर त्याने कोंबडी आणली आणि घरात सण झाला. यातून त्याने काय धडा घ्यावा?

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. शेजारचे काका म्हणाले, "मेलली कोंबडी गळ्यात बांधा तेच्या. तीन दिस. परत वासाक जावचो नाय." पण मेलेली कोंबडी आदल्या रात्रीच संपली होती. आणि शेरूचा एकूण स्वभाव पाहता त्याने ती शिक्षा न समजता शिदोरी समजली असती. कोणी म्हणालं, फटके द्या. गुन्हा घडून गेल्यावर तासाभराने फटके दिले तर कुत्र्याला एवढंच कळतं की या बाईचं अधूनमधून डोकं फिरतं.

मग जाळी. हार्डवेअरवाल्याकडे षटकोनी भोकांची पातळ जाळी मिळते. तिला सगळे कोंबडीची जाळी म्हणतात आणि ते शब्दशः खरं आहे: ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. शेरूने ती एका दुपारीत दातांनी उसवली. दुसऱ्या खेपेला जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची वेल्डमेश आणली, कारण मोठ्या भोकातून मुंगूस आत शिरतो. ती लावली, तर शेरूने खालून माती उकरायला घेतली. शेवटी जाळी फूटभर जमिनीत घालून बाहेरच्या अंगाला वाकवली आणि वर चिरे ठेवले. आता खुराडं आमच्या घरापेक्षा मजबूत आहे. पावसाळ्यात घरात पाणी ठिबकतं, खुराड्यात नाही.

पण कोंबड्या दिवसभर कोंडून ठेवायला सासूबाई तयार नाहीत. गावठी कोंबडी, ती चरणार. आणि कोंबड्या गरीब असतात हा समज मी त्या दिवसांत सोडून दिला. शेरूच्या ताटलीत भात आणि बांगड्याचं डोकं पडलं की चार जणी चालून येतात, आणि शेरू साखळीच्या टोकाशी उभा राहून आपलं जेवण जाताना बघतो. मी न्यायाधीश असते तर ही गोष्ट खटल्यात नोंदवली असती.

जनावरांच्या डॉक्टरांनी मात्र कामाचं सांगितलं. कुत्रा झडप घालतो ती शेवटची पायरी. सुरुवात बघण्यापासून होते. कान पुढे, तोंड मिटलेलं, एक पाय अधांतरी, शेपूट ताठ. त्या क्षणी लक्ष मोडायचं. एकदा कोंबडी फडफडून पळाली की मग हाका मारून उपयोग नाही. म्हणून रोज दोन वेळा, दहा-दहा मिनिटं, साखळीला धरून जाळीजवळ उभं राहायचं आणि त्याने आपणहून नजर काढली की लगेच खाऊ द्यायचा. खाऊ म्हणजे त्याला जीव की प्राण असलेलं काहीतरी.

शेरूला जीव की प्राण म्हणजे उकडलेली कलेजी. तीही कोंबडीची.

तिसऱ्या दिवशी सासूबाई पडवीत उभ्या राहून हे शिक्षण बघत होत्या. शेरूने कोंबडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मी "शाब्बास" म्हणून कलेजीचा तुकडा दिला.

"कोंबडी खाव नको म्हणान तेका कोंबडीच भरवतंस?" त्या म्हणाल्या. "भारी गो तुमचा शिक्षण!"

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

तरी दोन महिन्यांत फरक पडला. थोडा माझ्यामुळे, बराचसा पाटलीणबाईमुळे. ही आमची काळी कोंबडी. ती खुडूक झाली, सासूबाईंनी अकरा अंड्यांवर बसवली, एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं निघाली. त्यांना घेऊन ती खळ्यात आली आणि नेमकं माझ्या हातून साखळी सुटली. शेरूने कुतूहलाने एका पिल्लाजवळ नाक नेलं. पुढचं मला नीट दिसलंच नाही, कारण पाटलीणबाई फुगून दुप्पट झाली आणि शेरूच्या तोंडावर चढली. पंख, धूळ, आणि मधूनच शेरूचा बारीक, पिल्लाच्या वयातला आवाज. तेव्हापासून ती खळ्यात असली की तो विहिरीकडून वळसा घालून येतो. बाकीच्यांबद्दल मी हमी देत नाही. कोंबड्या मोकळ्या तेव्हा शेरू साखळीला, शेरू मोकळा तेव्हा कोंबड्या जाळीत, आणि कडी लावली का हे मी दोनदा बघते.

मग अंडी कमी व्हायला लागली. कोंबड्या पिसं गाळताहेत, असं सासूबाई म्हणाल्या. त्याच सुमारास शेरूची कांती चमकायला लागली आणि मांजरासारखा मऊ झाला म्हणून त्यांनीच त्याचं पहिल्यांदा कौतुक केलं. एका संध्याकाळी, कोंबड्या खुराड्यात गेल्यावर, त्या लाकडं आणायला गेल्या आणि माडाच्या सुकलेल्या चुडतांच्या ढिगामागून शेरू बाहेर आला. तोंडात अंडं. अख्खं, न फुटलेलं.

कोंबड्या पिसं गाळत नव्हत्या. जागा बदलून बाहेर घालत होत्या, आणि त्या जागा सगळ्या घरात फक्त शेरूला ठाऊक होत्या.

मला वाटलं, आता काठी निघणार. सासूबाईंनी पदर खोचला, ढिगामागे वाकून पाहिलं, मग कुंपणाशी, मग पडक्या गोठ्यात, शेरू पुढे आणि त्या मागे. परत आल्या तेव्हा ओच्यात अंडी होती. आता रोज तिन्हीसांजेला, खुराड्याची कडी लागली की, दोघं फेरी मारतात. परवा पाच मिळाली. त्यांनी चार टोपलीत ठेवली आणि पाचवं शेरूच्या ताटलीत फोडलं.

मी बघतच राहिले.

"बघतंस काय?" त्या म्हणाल्या. "राखण देवक व्हयी. चार आमची, एक तेचा."