तेच जॅकेट, मागच्या थंडीतलंच

आज दुपारपासून डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लांबेल. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे. नोकरीला लागून दीडेक वर्ष झालं असेल. कामाला चोख, बोलायला कमी. थंडी पडायला लागली तशी आज ती जॅकेट घालून आली. गडद हिरवं, खांद्यावर जरा विटलेलं, पण धड. जेवणाच्या सुट्टीत आमच्यातलीच एकजण सगळ्यांच्या देखत तिला म्हणाली, "अगं, हे मागच्या थंडीतलंच ना? आता तरी नवीन घे." दोघीतिघी हसल्या. ती मुलगीही हसली. थोड्या वेळाने पाहते तर जॅकेट खुर्चीच्या पाठीवर, आणि ही एसीखाली शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून काम करतेय. घरी निघेपर्यंत तिने ते पुन्हा अंगात घातलं नाही.

मी तिथेच होते आणि गप्प बसले. बाकीचं सगळं त्यामुळेच लिहिते आहे.

घरी आले, मोबाईल हातात घेतला, तर समोर तेच. ऋतू बदलला, कपाट बदला, तेही कमी बजेटमध्ये. आणि खाली काय, तर विकत घ्यायच्या दहा वस्तूंची यादी! माझं साधं म्हणणं आहे. पैसे वाचवायचे असतील तर सुरुवात दुकानातून होऊच शकत नाही, घरातल्या कपाटातून होते. हे तुम्हा सगळ्यांना पटतंच, वेगळं सांगायची गरज नाही. तरी सेल लागला की आपण सगळ्याजणी धावतो. अर्ध्या किमतीत मिळालं म्हणून घेतलेला आणि दोनदा घातलेला शर्ट स्वस्त नसतो. त्याचे पैसे गेले ते गेलेच.

माझी आई बाबांच्या शर्टांची कॉलर उलटवायची. तरुण मंडळींना हे माहीत नसेल म्हणून सांगते. शर्ट बाकी सगळा धड असताना पहिल्यांदा विरते ती कॉलर, बरोबर दुमडीवर, जिथे मान आणि दाढीचे खुंट घासतात. आई जुनं ब्लेड घ्यायची आणि कॉलर पट्टीपासून उसवायची. एकेक टाका. मग सुईच्या टोकाने दोऱ्याचे तुकडे वेचायची, कॉलर पालटायची, विरलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर, टाचण्या लावायची आणि मशिनवर टीप मारायची. पाऊण तासाचं काम. शर्ट पुढची दोन वर्षं चालायचा.

एक खूण मात्र राहायची. कॉलरच्या खालच्या बाजूला ऊन लागलेलं नसतं, त्यामुळे ती विटलेली नसते. शर्ट फिकट निळा आणि कॉलर ठळक निळी. बघणाऱ्याला कळायचं.

आज आपल्याकडे वेळ नाही हे मला मान्य आहे, दिवसभर राबून आल्यावर कुणी ब्लेड घेऊन बसावं अशी माझी अपेक्षा नाही. पण ऋतू बदलताना वर्षातून दोनतीन रविवार तरी काढता येतात की नाही? मोबाईलवर कपडे बघण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

मी काय करते ते सांगते. ऋतू पालटायच्या आधी सगळे कपडे बाहेर काढते. सगळे म्हणजे सगळे, ठेवणीतलेसुद्धा. आणि दिवसाच्या उजेडात घालून बघते, कारण रात्री ट्यूबलाइटमध्ये सगळं काळं काळंच दिसतं आणि विटलेलं कळत नाही. घालून बघायचं हे महत्त्वाचं. घडी बघून काही समजत नाही. दरवेळी असं एखादं निघतं की जे मी केवळ एका तुटलेल्या बटणापायी वर्षभर घातलेलं नसतं. एक बटण! गेल्या खेपेला एक राखाडी पँट निघाली. तिची शिवण खाली वीतभर उसवली होती, तेवढ्यासाठी ती तळाला गेली होती आणि तिच्यासारखीच दुसरी मी विकत आणली होती. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला. टाके घालायला दहा मिनिटं लागली.

काळे कपडे विटले की आपण ते टाकतो. काळा रंग मिळतो, सुती असेल तर घरी रंगवता येतं. स्वेटरवर गोळे आले की तो जुना दिसतो, पण तो सपाट जागेवर पसरून हलक्या हाताने रेझर फिरवला की गोळे निघून जातात आणि स्वेटर खरोखर वेगळा दिसतो. लोकर गरम पाण्यात चोळू नका. तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो तो कायमचा. विणलेले कपडे हँगरला लावू नका, खांदे लोंबतात. सुती कापड ओलं झालं की उलट मजबूत होतं, म्हणून ते आपली धुणी सोसतं. व्हिस्कोसचं, म्हणजे रेयॉनचं, नेमकं विरुद्ध, ते ओलं असताना सगळ्यात नाजूक असतं, आणि आपण ते पिळून पिळून त्याचा जीव घेतो. मग म्हणतो, हल्ली कपडे टिकत नाहीत.

बरं, टिकत नाहीत हेही खरंच. हल्लीचा तयार कपडा उलटा करून बघा. पूर्वी शिवणीच्या आत बोटभर कापड सोडलेलं असायचं. त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची, शर्ट दोन बोटं मोठा. मूल वाढलं की खालची दुमड सोडायची. आता आत कापडच नसतं. कडेला ओव्हरलॉक मारून मोकळे. म्हणजे तो कपडा वाढण्यासाठी शिवलेलाच नाही, फेकण्यासाठी शिवलेला आहे. विकत घ्यायचंच असेल तर आधी उलटं करून बघा. माया किती, टाके किती दाट, बटण पक्कं शिवलंय की एका दोऱ्यावर लोंबतंय. रंग नंतर.

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल की स्वस्त कपडे आहेत म्हणून गरीब माणूस चार कपडे घालू शकतो. बरोबर आहे. लहान मुलं भराभरा वाढतात, बाळंतपणानंतर, आजारपणानंतर माप बदलतं, तेव्हा नवीन लागतंच. घ्या. त्यांच्याविषयी मी बोलतच नाहीये.

मी बोलतेय ते आपल्याविषयी, ज्यांचं कपाट बंद होत नाही आणि तरी घालायला काही नाही.

आणि स्वस्त म्हणजे कुणाच्या जिवावर स्वस्त? ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वर कपडे शिवण्याचे कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, आणि २४ तारखेला सकाळी इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली. बहुतेक बायका. ती बातमी वाचली तेव्हा मला आईच्या हातातली ती निळी कॉलर आठवली होती. त्या बायकाही कॉलरीच शिवत असतील. एक कॉलर पट्टीला जोडायला किती बारकाईने हात चालवावा लागतो हे मी मशिनशेजारी बसून बघितलेलं आहे. ते काम आपण एका ऋतूपुरतं अंगावर घालतो आणि म्हणतो, जाऊ दे, स्वस्तातच तर घेतला होता.

"मी टाकत नाही, देऊन टाकते," असंही आपण म्हणतो. मीही म्हणत आले. कुणाला खरोखर हवं असेल आणि हातात दिलं तर उत्तमच. पण गठ्ठे करून दिलेलं सगळं कुणाच्या अंगावर जात नाही. चिलीमध्ये अटाकामा वाळवंटात जगभरातून आलेल्या, कुणी न घेतलेल्या कपड्यांचे ढीग पडलेले आहेत. पॉलिएस्टर म्हणजे शेवटी खनिज तेलापासून केलेला धागा, तो वाळूत पडून कुजत नाही. ते फोटो बघा एकदा. सेलच्या आधी बघा.

लिहिता लिहिता आवाज चढला माझा. ती बाई, जी दुपारी बोलली, ती काही दुष्ट नाही. तिलाही कुणीतरी कधीतरी असंच बोललेलं असणार. दर महिन्याला तिचे हप्ते जातात, हे तीच सांगते. कपड्यांचे हप्ते.

आता जे सांगायचं टाळत होते ते सांगते.

मी आठवीत होते. शाळेत पालकांना बोलावलं होतं. बाबा कामावरून परस्पर आले, अंगात तोच फिकट शर्ट आणि ठळक कॉलर. माझ्या बाकावरची मुलगी म्हणाली, "तुझ्या बाबांच्या शर्टाला दुसऱ्याच शर्टाची कॉलर लावलीय का?" बस, एवढंच. ती बहुधा सहजच म्हणाली असेल. घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं, "पुन्हा हा शर्ट घालून शाळेत येऊ नका." आई मशिनवरच बसली होती. मशीन थांबलं. बाबा म्हणाले, "बरं." आतल्या खोलीत गेले, शर्ट बदलला आणि तो खुंटीला न लावता घडी करून कपाटात ठेवला.

त्यानंतर शाळेत ते नेहमी एकाच पांढऱ्या शर्टात आले. त्या पांढऱ्याची कॉलर उलटवायची वेळ आई कधीच येऊ द्यायची नाही. तो ते फक्त माझ्या शाळेसाठी घालायचे. हे मला फार पुढे कळलं, आईने सांगितलं तेव्हा. ती रागाने नाही बोलली. कपडे आवरता आवरता सांगितलं.

म्हणून आज ते जॅकेट खुर्चीवर गेलं तेव्हा मला काय झालं असेल, कळेल तुम्हाला. मी आठवीत असताना बाबांचा शर्ट काढायला लावला, आणि आज इतक्या वर्षांनी एका पोरीला जॅकेट काढायला लावलं तेव्हा शेजारी बसून डबा आवरत होते.

कुणाच्या अंगावर तोच कपडा दिसला तर तोंड उघडू नका हो. खरंच. मागच्या वर्षीचा आहे हे तिला माहीत असतं. तिने तो धुऊन, घडी करून, जपून ठेवलेला असतो म्हणून तर तो यंदा अंगावर आला. आणि हे जपणंही काही फुकट होत नाही. लोकरीचे कपडे न धुता ठेवले की कसर लागते. अळ्यांना घामाचे आणि अन्नाचे डाग पडलेली लोकर पहिल्यांदा आवडते. नुसत्या डांबराच्या गोळ्या टाकून भागत नाही, धुऊन, कडकडीत वाळवून, बंद पिशवीत घालूनच ठेवावं लागतं. थंडी संपल्यावर, जेव्हा त्या कपड्याकडे बघायचीही इच्छा नसते, तेव्हा कुणीतरी बसून हे केलेलं असतं. त्या मुलीने केलंय.

नवीन कपड्याची मलाही हौस आहे. घडी मोडताना जो वास येतो तो मलाही आवडतो, आणि वर्षातून एखादा मनापासून आवडलेला कपडा घेते, पैसे साठवून, उलटासुलटा बघून. बाकी जे आहे तेच इकडचं तिकडे. उन्हाळ्यातला पातळ शर्ट स्वेटरच्या आत जातो, दोन पातळ थरांमध्ये हवा अडकते आणि एका जाड कपड्याइतकी ऊब मिळते. मैत्रिणीशी अदलाबदल करते. तिचा कोट माझ्याकडे दोन थंड्या राहिला, माझा तिच्याकडे.

बाबा आता नाहीत. तो निळा शर्ट आईने ठेवला होता, आता माझ्याकडे आहे. मघाशी काढून बघितला. कॉलरची टीप अजून सरळ आहे, एक टाका सुटलेला नाही.

उद्या माझा तपकिरी स्वेटर घालून जाणार आहे, चौथी थंडी त्याची. कोपराला विरलाय, रफू करायला घेतलाय. जुळता दोरा घरात नाही. डब्यात निळा आहे, तो घेते. दिसेल चांगला लांबून. जेवायला तिच्या शेजारी बसेन, आणि आज जे बोलायला हवं होतं ते सगळ्यांसमोर बोलेन. चला, सुई ओवते. साडेअकरा वाजले.