रडणाऱ्या बाळाला पंप: खुलासा

‘मूल रडत असतानाच दम्याचा पंप (इनहेलर) द्या, मोठा श्वास घेतं, औषध खोलवर जातं’ असा सल्ला घरगुती पाळणाघरं चालवणाऱ्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. रडताना श्वास सोडणं लांबतं आणि आत घेणं म्हणजे एक झटका. त्यामुळे बरंचसं औषध घशात चिकटतं आणि गिळलं जातं. शिवाय मूल मान फिरवतं, मास्क गालावरून सुटतो. तेवढी फट पुरते, फुफ्फुसात जवळपास काही पोचत नाही. मास्क चेहऱ्यापासून लांब धरून फवारणं तर निव्वळ वाया.

आधी मुलाला मांडीवर घ्या, रिकामा मास्क हाताळू द्या. मग पंप हलवून स्पेसरला (पंप आणि मास्क यांच्यामधली पोकळ नळी) लावा, मास्क नाक-तोंडावर घट्ट टेकवा, एकच दाब द्या आणि पाच-सहा शांत श्वास होऊ द्या. दुसरा दाब सांगितला असेल तर पंप पुन्हा हलवा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चेहरा पुसा, पाणी पाजा.

मात्र धाप लागली असेल, बरगड्यांखाली खळगे पडत असतील, तर रडं थांबायची वाट पाहू नका. श्वास पटकन मोकळा करणारा, आराम देणारा पंप (रिलीव्हर) लगेच द्या, मदत बोलवा. कोणता पंप, किती दाब, हे पालकांकडून डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आधीच लेखी घेतलेलं हवं. फोनवरचं ‘दोन मारा’ चालणार नाही.