दुखणं देवानं दिलं नव्हतं

जय भीम दादा,

बाबांच्या कॅन्सरच्या आजारपणावर आणि त्यात त्यांना विश्वासातून मिळालेल्या शांतीवर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बुद्धांनी दुःखाचं कारण शोधलं, ते संपवायची वाट दाखवली, आणि तुम्ही कॅथलिक लोक मात्र दुःखालाच हार घालून बसता. क्रुसाकडे बघून सोसत राहा, हे सांगणं सरकारला आणि सावकाराला सोयीचं आहे. शिवाय तुमचे मामा याच कॅन्सरनं तडफडून गेले, त्यांच्या वाट्याला शांती का आली नाही? दोन ओळींत उत्तर देऊन सुटावं असं यात काहीच नाही.

कारणापासूनच सुरू करते. बाबांचं दुखणं देवानं दिलं नव्हतं. ते खर्ऱ्यातून आलं. पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटलेला खर्रा आमच्याकडे निंदणाच्या बायांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत कोणाच्याही गालात सापडतो. बाबांच्या गालात तो जन्मभर होता. त्याला ‘देवाची मर्जी’ म्हणणं मला पाप वाटतं. जन्मापासून आंधळा असलेला माणूस दिसला तेव्हा शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही, आणि त्या माणसाला दृष्टी दिली. ‘सोस’ म्हणून माघारी धाडलेला एकही आजारी मला शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, सापडत नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा येशूनंही आधी, हा प्याला टळू दे, हेच मागितलं.

औषधाचं म्हणाल, तर वेदना असह्य असतील तेव्हा वेदनाशामक द्यावं, त्यानं आयुष्य थोडं कमी होण्याचा धोका असला तरी हेतू आराम देण्याचा असेल तर चालतं, असं पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं. बाबांना मॉर्फिन सुरू झालं तेव्हा आमच्या मावशीला वाटलं, दुखणं ख्रिस्ताला वाहायचं तर गोळी कशाला? फादरांनीच तिची समजूत घातली. गोळी द्यायचं काम माझ्याकडे होतं. दोन चमच्यांमध्ये ती चुरायची, पाण्यात विरघळवायची, नाकातल्या नळीतून सिरिंजनं हळूहळू सोडायची, नळी तुंबू नये म्हणून वरून कोमट पाणी. थोड्या वेळानं बाबांच्या मुठी सैल व्हायच्या. त्या सैल झालेल्या मुठी पाहून मी देवाचे आभार मानले आहेत दादा, दुखण्याचे कधीच नाही.

फ्रान्समधल्या लिझ्यूची संत तेरेजा १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयानं गेली. मठात राहणारी, प्रार्थनेत वाढलेली मुलगी. शेवटच्या दिवसांत ती सोबतच्या सिस्टरांना सांगत होती की, इतक्या वेदना असलेल्या माणसाच्या हाताशी विषारी औषध ठेवू नका. विश्वास नसता तर मी जीव दिला असता, असंही ती म्हणाली. हे वाचलं त्याच दिवशी मी बाबांच्या खाटेखालचे फवारणीचे डबे काढून गोठ्यात कुलपात टाकले. आपल्या भागात याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मग विश्वासानं केलं काय, हा तुमचा खरा प्रश्न. ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नव्हतं, ते पाटीवर लिहायचे. कापसाचा भाव विचारायचे, आईवर चिडायचे. शेजारच्या पोरानं फवारणीचं औषध घेतलं आणि त्याला तालुक्याला नेलं, त्या सकाळी त्यांनी लिहिलं, ‘आजचं दुखणं त्या पोराले.’ आमच्यात याला अर्पण करणं म्हणतात. ख्रिस्ताच्या दुःखात आपलं दुःख मिसळायचं आणि ते दुसऱ्या कोणाच्या तरी भल्यासाठी देवाला वाहायचं. संत पौलानं कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना, पत्रात हेच लिहिलं. १९८१ मध्ये गोळ्या झेललेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखावर एक पत्रच काढलं. त्या पत्राच्या शेवटाकडे ते वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाची सेवा करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची, येशूनं सांगितलेली गोष्ट घेतात आणि म्हणतात की दुःखातून भलं करावं आणि दुःखी माणसाचंही भलं करावं. यातलं एक धरून दुसरं सोडता येत नाही.

तो पोरगा वाचला नाही. मग उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. फळ दाखव म्हणाल तर माझ्याकडे दाखवायला काही नाही. मी एवढंच पाहिलं की ज्या माणसाला कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागायचा, त्याला सकाळी उठून एक काम होतं. रोज पाटीवर एक नाव यायचं. वेदना होत्याच. बाबा रडायचे. एकदा पाटी भिंतीवर फेकली आणि मग तिच्याच तुकड्यावर लिहिलं, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ फादर त्यावर काही बोलले नाहीत, कारण क्रुसावरून येशूनं हेच शब्द उच्चारले होते. मी शांती म्हटलं ती ही. देवाला जाब विचारता येतो, आणि जाब विचारणारा माणूस देवापासून तुटत नाही.

सरकार आणि सावकाराचं म्हणाल तर, १९ मार्च आमच्या संत योसेफांचा सण, कष्टकऱ्यांच्या संताचा. त्याच तारखेला १९८६ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्या दिवशी आमच्या घरात अन्नत्याग असतो. क्रूस ही अन्यायानं दिलेली शिक्षा होती, हे आम्ही दरवर्षी गुड फ्रायडेला मोठ्यानं वाचतो. ते वाचून गप्प बसा असा अर्थ कोणी काढत असेल, तर तुमच्याआधी मी त्याच्याशी भांडेन.

आता मामा. त्यांना मॉर्फिनबद्दल कोणी सांगितलंच नाही, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. वाचून फार राग आला. त्यांची ती तडफड कमी करता आली असती. त्यांना शांती का मिळाली नाही, याचं उत्तर मी देणार नाही. बायबलमधल्या ईयोब नावाच्या, सगळं गमावलेल्या भल्या माणसाला त्याच्या मित्रांनी त्याच्या दुःखाची कारणं शोधून दिली, आणि देव रागावला तो त्या मित्रांवर. मामी अजून त्याच गावात एकट्या राहतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांची हरकत नसेल तर कळवा. कापूस वेचणं आटोपलं की आई आणि मी एक दिवस त्यांच्याकडे येतो. धर्माचा विषय आम्ही काढणार नाही.