पिन उलटा टाकला तर पोलीस येत नाहीत, कार्ड ब्लॉक होतं

‘अनोळखी शहरात एकटे उतरताय? हे दहा नियम जीव वाचवतील’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. मी तो न वाचताच उडवत होतो. पण परवा भाचीचा फोन आला. पहिल्यांदाच एकटी निघाली आहे, मोजके पैसे, डॉर्मिटरीतला बेड बुक केलेला. म्हणाली, “मामा, मी पिन उलटा टाकायची प्रॅक्टिस करतेय.” मेसेज तिच्या आईनेच, म्हणजे माझ्या ताईनेच पाठवलेला. मग मात्र बसून पूर्ण वाचला.

तर तो उलटा पिन. दावा असा: एटीएमपाशी कोणी धाक दाखवून पैसे काढायला लावले, तर पिन उलटा टाकायचा. पैसे निघतात आणि पोलिसांना गुपचूप खबर जाते. साफ खोटं. मशीनला तुमचा पिन ठाऊकच नसतो. तुम्ही टाकलेले आकडे सांकेतिक करून बँकेकडे जातात आणि तिथून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढंच उत्तर येतं. उलटा पिन म्हणजे चुकीचा पिन, बस्स. आणि पिन १२२१ असेल तर? चार आकड्यांच्या दहा हजार पिनांपैकी शंभर असे आहेत, जे उलटे केले तरी तेच राहतात. त्या माणसांनी काय करायचं, हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलं दिसत नाही.

कल्पना कोणाला सुचलीच नव्हती असं नाही. अमेरिकेत अशा आपत्कालीन पिनचं पेटंट १९९८ साली दिलं गेलं आहे. पुढे तिथल्या संसदेने २००९च्या क्रेडिट कार्ड कायद्यात या प्रकाराचा अभ्यास करायला सांगितलं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० साली अहवाल दिला: असं तंत्र कुठल्याच एटीएमवर कधीही बसवलेलं आढळलं नाही. ज्या देशात या पिनचं पेटंट निघालं तिथल्या सरकारी खात्याने केव्हाच निकाल लावलाय आणि आमची ताई अजून फॉरवर्ड करतेय.

नुसतं खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण हा नियम पाळणारीचं काय होईल बघा. समोर चाकू घेतलेला माणूस, स्क्रीनवर ‘चुकीचा पिन’. तो समजणार की ही मुद्दाम करतेय. तिला वाटणार की पोलीस निघालेत. ती पुन्हा उलटा टाकणार, आणि असं दोन-तीनदा झालं की कार्ड ब्लॉक. म्हणजे चोर चिडलेला, पोलीस आलेले नाहीत आणि परक्या शहरात हातातलं एकमेव कार्ड निकामी. धाक दाखवला तर सरळ पैसे द्यायचे, सुटायचं आणि मग पोलिसांना फोन करायचा.

फोनवरून आठवलं. मेसेज म्हणतो, नेटवर्क नसलं तरी ११२ सॅटेलाइटवरून लागतो. यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. तुमच्या कंपनीची रेंज नसेल तर फोन ११२साठी दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू शकतो. पण कुठलाच टॉवर नसेल तर साधा फोन कुठेही लागत नाही. काही नव्या फोनांत उपग्रहामार्फत मदत मागायची सोय आहे, ती वेगळी. गंमत म्हणजे उपग्रह जिथे खरोखर कामाला येतो तिथे हे महाशय घाबरवतात: ‘डेटा संपला की नकाशा बंद, उतरल्या उतरल्या मिळेल त्या भावात सिम घ्या.’ अहो, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. वीस हजार किलोमीटरवरचे उपग्रह सिग्नल पाठवतात, फोन तो फक्त ऐकतो. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून ठेवला की डेटाशिवायही निळा ठिपका आपल्याबरोबर चालतो.

हॉटेलच्या की-कार्डात तुमच्या क्रेडिट कार्डाचा नंबर असतो, ही २००३ सालापासूनची जुनी अफवा. भाचीच्या डॉर्मिटरीत तर लोखंडी किल्ली आहे. मेसेज म्हणतो, आरशाला नख लावा; नख आणि त्याचं प्रतिबिंब यांत फट दिसली नाही तर पलीकडून कोणी बघतंय. पण पलीकडून न दिसणाऱ्या काही आरशांतही चकाकीचा थर काचेच्या पुढच्या बाजूला असतो, मग नख प्रतिबिंबाला टेकतंच. त्यापेक्षा दिवे घालवून आरशाला टॉर्च चिकटवा, पलीकडे खोली असेल तर दिसेल.

‘रात्री पोहोचू नका.’ हे बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. फक्त स्वस्त तिकीट बहुधा अडनिड्या वेळेचंच असतं, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. भाचीची गाडी पहाटे पोहोचते. उजाडेपर्यंत ती वेटिंग रूममध्ये बसणार आहे.

तिला विचारलं, दुसरं कार्ड आहे का? नाही म्हणाली. थोडी रोकड वेगळ्या खिशात? तीही नाही. दहा नियमांत याबद्दल एक ओळ नाही. ती ओळ मी ताईला पाठवली आहे. तिने अजून कोणाला फॉरवर्ड केलेली नाही.